यलोस्टोनमधला बायसन म्हणजे काही गोठ्यातली म्हैस नव्हे

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपले काका-काकू यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहून आले, की बायसनसोबतचा, म्हणजे तिथल्या गव्यासारख्या रानटी जनावरासोबतचा, फोटो हमखास दाखवतात. "गरीब जनावर हो, नुसतं चरत असतं. भीती खरी अस्वलाची!" हा समज जुना आहे, आणि चुकीचाही.

या उद्यानात माणसांना सर्वाधिक जखमी केलंय ते बायसननेच. नराचं वजन ९०० किलोपर्यंत भरतं, तरी तो ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावतो. माणसाच्या जवळजवळ तिप्पट. पळून सुटू, हे विसरा. शेपटी वर उभारली, पायाने माती उकरली, डोकं झटकलं, की तो चिडलाय. पण दरवेळी एवढी सूचना मिळेलच असं नाही.

म्हणून नियम असा: बायसन आणि एल्क (मोठं हरीण) यांच्यापासून किमान २३ मीटर, अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर. २३ मीटर म्हणजे एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल साधारण तेवढं. जनावर आपणहून जवळ आलं, तर मागे सरायचं आपण. आणि फोटोचंच म्हणाल, तर मोबाइलला झूम असतो की!