जंगल विकत घेणारा आणि लाकूड कापणारा: मिनियापोलिसचे दोन वेगळे धनिक

अमेरिकेच्या उत्तर भागातल्या जुन्या शहरांत ग्रंथालय, इस्पितळ, कलादालन, वसतिगृह अशा कशावर तरी एखाद्या ‘लाकूडसम्राटा’चं नाव हमखास सापडतं. ते वाचलं की आपण लगेच सॉमिलचा, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीचा, मालक डोळ्यांसमोर आणतो. नदीत ओंडके, करवतींचा खणखणाट, भुशाचे ढीग. गंमत अशी की यातल्या बऱ्याच जणांचा पैसा फळ्या विकून आलेला नव्हता. तो जंगलाच्या जमिनीत होता. सॉमिलवाला आणि जंगलजमिनीचा व्यापारी हे एकमेकांचे गिऱ्हाईक, कधी भागीदार, पुष्कळदा व्याही. पण धंदे दोन. आणि त्यांनी शहरासाठी जे केलं त्यातही हा फरक उमटलेला दिसतो.

आपली इथे गल्लत होते, त्याला कारण आहे. आपल्याकडे जंगल सरकारचं. १८७८च्या वन कायद्यानंतर तर ते पक्कंच झालं. ठेकेदार लिलावात कूप घ्यायचा, म्हणजे ठरलेल्या तुकड्यातली झाडं तोडायचा हक्क घ्यायचा, आणि माल बाहेर काढून मोकळा व्हायचा. झाडांखालची जमीन विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. बल्लारशाच्या सागावर पैसा कमावलेला माणूस हजारो एकरांचा मालक झाला, असं म्हणूनच घडलं नाही. मिनियापोलिस ज्या राज्यात आहे त्या मिनेसोटात नेमकं तेच घडलं.

तिथली जमीन मुळात ओजिब्वे आणि डकोटा या मूळ रहिवाशांची. १८३७ आणि १८५५च्या तहांनी मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातला पांढऱ्या पाइनचा प्रचंड पट्टा त्यांच्याकडून अमेरिकी सरकारकडे गेला. मग सरकारी मोजणीदार आले. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा चौकोन, त्यात ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि त्याचे पुढे चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे. जंगलाच्या धंद्याचं एकक हेच, ‘चाळीस’. सरकारी किमान भाव एकरी सव्वा डॉलर. शिवाय लढाईवरून परतलेल्या सैनिकांना जमिनीची हक्कपत्रं मिळालेली असत, ती ते कमी भावात विकून टाकत. व्यापारी अशी पत्रं गोळा करत आणि सव्वा डॉलरच्याही खाली पाइनचं जंगल उचलत.

पण कोणता चाळीस घ्यायचा? नकाशावर सगळे चौकोन सारखेच. एकात उत्तम पाइन, शेजारच्यात निव्वळ दलदल. इथे खरं भांडवल लागायचं ते माहितीचं. पाठीवर पिठाची नि डुकराच्या मांसाची गाठोडी घेऊन महिनोन्महिने रान तुडवणारे पाहणीदार असत. झाडं मोजायची, ओढा किती लांब आहे ते बघायचं, आणि दुसऱ्या कुणाला सुगावा लागायच्या आत सरकारी जमीन कचेरी गाठून नोंद करायची. पुष्कळदा त्यांची मजुरी रोख नसायची. शोधलेल्या जमिनीतला हिस्सा मिळायचा.

थॉमस बार्लो वॉकर याच वाटेने वर आला. ओहायोत १८४०मध्ये जन्मलेला हा तरुण धार लावायचे दगड विकत फिरायचा. १८६२मध्ये तो मिनियापोलिसला पोचला आणि मोजणीच्या तुकडीत लागला. उत्तरेकडची रानं त्याने मोजणीची साखळी ओढत पाहिली. दशकाच्या अखेरीस लेव्हाय बटलर आणि हॉवर्ड मिल्स या दोघांशी त्याची भागीदारी जमली: पैसा त्यांचा, जमिनीची निवड याची. खिशात दमडी नसलेला माणूस बरोबरीचा भागीदार होतो, कारण कुठे काय उभं आहे हे त्यालाच ठाऊक आहे! त्याच्या पुढच्या साऱ्या श्रीमंतीचं मूळ मला तरी या एका व्यवहारात दिसतं.

सॉमिलवाल्याचं जग वेगळं. त्याचा सगळा जीव मिनियापोलिसमधल्या मिसिसिपीवरच्या सेंट अँथनीच्या धबधब्यात. पाण्यावर चक्रं फिरायची, करवती चालायच्या. वरून नदीतून ओंडके सोडायचे, खाली साखळ्या-तराफ्यांचा बांध घालून अडवायचे, प्रत्येकाच्या टोकावर ठोकलेल्या खुणेवरून मालक ओळखायचा. त्याचा हिशेब एकरात नाही तर ‘बोर्ड फुटां’त, म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळीच्या मापात. दर शनिवारी पगार वाटायचे. नदी आटली की गिरणी बंद, पूर आला की बांध फुटून माल वाहून गेलेला. रेल्वेने भाडं वाढवलं तर नफा गेला. त्याचा धंदा रोजच्या रोज धावणारा.

जमीनवाल्याचा धंदा बसून राहण्याचा. झाड उभं आहे तोवर त्याला काही करायचं नसतं. रेल्वे जवळ येते, शहर वाढतं, जंगल कमी होतं, आणि उभ्या लाकडाचा भाव आपोआप चढतो. तो जमीन विकू शकतो, किंवा जमीन स्वतःकडे ठेवून नुसतं उभं लाकूड विकू शकतो. खर्च दोनच: व्याज आणि जमिनीवरचा वार्षिक कर. भीतीही दोनच: वणवा आणि चोरी. चोरीवरून तिकडे एक जुना विनोद आहे. लाकूडतोड्या एक चाळीस एकरी तुकडा रीतसर विकत घेतो आणि मग त्याच्या चहूबाजूंचे चाळीस तोडून नेतो. विचारलं तर म्हणतो, माझा चाळीस गोल आहे. हा विनोद सॉमिलवाल्यांच्या बैठकीत हशा पिकवत असणार. जमीनवाल्याला त्यात हसण्यासारखं काय वाटणार?

आता शहराकडे येऊ. मिनियापोलिसची लोकसंख्या १८८०मध्ये सुमारे ४७ हजार होती, १८९०मध्ये १ लाख ६५ हजारांच्या घरात गेली. दहा वर्षांत साडेतीनपट! अशा शहराला सगळंच हवं असतं आणि सगळंच कुणीतरी पुढे होऊन करावं लागतं.

सॉमिलवाले आधी पुढे झाले. १८६७मध्ये मिनियापोलिस नगर झालं तेव्हा पहिला महापौर झाला डोरिलस मॉरिसन, मेन राज्यातून आलेला लाकूडवाला, धबधब्याच्या पाण्याचे हक्क असलेल्या कंपनीतला बडा माणूस. हे स्वाभाविक आहे. ज्याची गिरणी नदीवर आहे त्याला धरण, कालवा, पूल, नदीतली वाहतूक, अग्निशमन या सगळ्यात आज रस असतो. नगरपालिकेचा निर्णय उद्या सकाळी त्याच्या दारात येऊन उभा राहतो. शेकडो कामगार हाताशी असल्यामुळे मतंही हाताशी. आणि भुशाने नदी तुंबते म्हणून ओरड झाली की तोंड द्यायलाही तोच.

वॉकर कधी महापौर झाला नाही. त्याने दुसरं काही धरलं. शहरात ‘अथेनियम’ नावाचं भागधारकांचं वाचनालय होतं. शेअर घेतील त्यांनीच पुस्तकं वाचायची. वॉकरने शेअर घेऊन आतून खटपट केली, वर्गणी खाली आणायला लावली, आणि शेवटी करातून चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाची कल्पना मान्य करवली. १८८५मध्ये ग्रंथालय मंडळ स्थापन झालं, १८८९मध्ये हेनेपिन रस्त्यावर भव्य इमारत उघडली. त्या मंडळाचा अध्यक्ष वॉकर १९२८मध्ये मरेपर्यंत होता. त्याआधीच, १८७९मध्ये, त्याने राहत्या घराला एक दालन जोडून आपली चित्रं लोकांना फुकट पाहायला खुली केली होती. आजच्या वॉकर आर्ट सेंटरचं मूळ तेच.

त्याची बायको हॅरिएट तर माझ्या मते या घरातली जास्त धीट व्यक्ती. निराधार आणि समाजाने टाकलेल्या बायकांसाठीचं बेथनी होम आणि १८८२चं स्त्रिया-मुलांचं इस्पितळ, दोन्हींच्या उभारणीत ती आघाडीवर होती. नवऱ्याच्या चरित्रात तिला एखादा परिच्छेद मिळतो.

वॉकरच्या लोकसेवेत स्वार्थ नव्हता का? होता, आणि तो सॉमिलवाल्याच्या स्वार्थापेक्षा निराळा होता. ग्रंथालयाची ती इमारत त्याच्या घरापासून दोन चौकांवर होती. १८९०च्या सुमारास त्याने आणि इतर धनिकांनी कंपनी काढून शहराच्या पश्चिमेला सेंट लुईस पार्क इथे मोठी जमीन घेतली, तिथे कारखाने आणायचे, कामगारांना प्लॉट विकायचे, ट्राम न्यायची, असा बेत. रानात चाळीस एकरांचे तुकडे निवडणारी नजर आता निवासी प्लॉट पाडत होती. १८९३च्या मंदीने तो बेत पार थंडावला, पण हिशेब उघड आहे: शहर सुधारलं की जमीन वधारते. जमीनवाल्यासाठी ग्रंथालय, बाग, बाजार, ट्राम या सगळ्या सोयी एकाच वेळी दानही असतात आणि गुंतवणूकही. म्हणून त्याचं दान ढोंगी ठरवावं असं मला वाटत नाही. चाळीसहून जास्त वर्षं मंडळाच्या बैठकांना बसणं नुसत्या भावासाठी होत नाही.

याच जातीचा पण मोठ्या मापाचा माणूस पाहायचा तर शिकागोचा विल्यम ऑग्डन. १८३५मध्ये तो आला मेव्हण्याने घेतलेली चिखलातली जमीन निकाली काढायला. तिचा काही भाग विकूनच मुद्दल सुटली हे बघून तिथेच राहिला, आणि १८३७मध्ये शिकागोचा पहिला महापौर झाला. म्हणजे जमीनवाला महापौर होत नाही असा काही नियम नाही. पुढे रेल्वे, गोदी, आणि विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगोला जंगल नि गिरण्या. ८ ऑक्टोबर १८७१ या एकाच दिवशी शिकागोला आग लागली आणि पेश्टिगोला वणव्याने गिळलं. शिकागोत सुमारे तीनशे माणसं गेली, पेश्टिगोच्या परिसरात बाराशेच्या वर. ऑग्डनचं दोन्हीकडे नुकसान झालं. जगाला मात्र शिकागोचीच आग आठवते.

ऑग्डनच्या उदाहरणावरून लक्षात येईल की माणसांची वाटणी धंद्यांइतकी स्वच्छ होत नाही. मॉरिसनकडेही पाइनची जमीन होती. वॉकरनेही गिरण्या चालवल्या, रेड रिव्हर लंबर कंपनी काढली. मिनेसोटात लीच तलावाकाठी वॉकर नावाचं गाव आहे. त्याने तिथे गिरणी टाकावी म्हणून त्याचं नाव दिलं असं म्हणतात, आणि त्याने गिरणी टाकली शेजारच्या एकली नावाच्या गावात. कारण काय, तर हॅरिएटला त्या गावातले दारूचे गुत्ते पसंत नव्हते, अशी तिथली आख्यायिका. तेव्हा जुन्या चरित्रात ‘लंबरमन’ लिहिलेलं दिसलं तर गिरणी होती का, एवढ्यावरून निवाडा करू नये. पडत्या काळात त्याने काय विकलं आणि काय राखलं ते बघावं. गिरणी विकून जमीन राखणारा हा मुळात जमीनवाला.

पाइन संपल्यावर तर हा फरक लख्ख दिसला. एकोणिसावं शतक संपताना मिनियापोलिस देशातल्या सर्वात मोठ्या सॉमिल शहरांपैकी एक होतं. १९२०च्या सुमारास गिरण्या जवळपास संपल्या होत्या. वॉकरचं तोवर फारसं अडलं नव्हतं. १८९०च्या दशकापासूनच तो उत्तर कॅलिफोर्नियात लाखो एकर जंगल घेत होता, आणि १९१३मध्ये कंपनीने तिथे वेस्टवूड नावाचं अख्खं गाव वसवलं.

मिनेसोटात मागे राहिली ती बुंध्यांनी भरलेली जमीन. ती शेतीला उत्तम म्हणून विकायचा प्रयत्न झाला, गरीब स्थलांतरितांनी घेतलीही, पण वाळू आणि दगडावर काय पिकणार. ज्या जिल्ह्यांचं लाकूड गेलं त्यांना ना ग्रंथालय मिळालं ना कलादालन. कर थकत गेले आणि १९२०-३०च्या दशकांत लाखो एकर कराच्या थकबाकीपोटी सरकारजमा झाले. त्यातली सुमारे २८ लाख एकर जमीन आजही तिथल्या जिल्हा प्रशासनांच्या हाती आहे. त्यांच्या कचेऱ्या तिच्यावर पुन्हा वाढलेलं लाकूड लिलावाने विकतात, आणि जमीन स्वतःकडेच ठेवतात.