लहान वयातील ऑटिझमसाठी वर्तन-उपचार

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या साधारण दीड ते पाच वर्षांच्या मुलाला मागणे, नक्कल करणे, ऐकून कृती करणे, पाळीपाळीने खेळणे, शी-शू सांगणे अशी कौशल्ये बारीक तुकडे करून, सरावाने आणि लगेच मिळणाऱ्या बक्षिसाने शिकवण्याची पद्धत. नागपुरातील केंद्रांच्या पाट्यांवर ती ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ किंवा ‘एबीए’ (अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस) या नावाने दिसते; पालक नुसतेच ‘थेरपी’ म्हणतात. या उपचाराने ऑटिझम जात नाही. मुलाला हवे ते सांगता यावे आणि शिकायची वाट मोकळी व्हावी, एवढे त्यातून साधते, आणि तेवढेही पुष्कळ असते.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात इव्हार लोव्हास यांनी चार वर्षांखालील १९ मुलांना दोन किंवा अधिक वर्षे, आठवड्याला सुमारे ४० तास शिकवले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ९ मुले नेहमीच्या शाळेतली पहिली पार करू शकली. हा आकडा अजूनही जाहिरातींत फिरतो. तुलनेसाठीचे मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि शिकवण्यात ओरडणे व मांडीवर चापट मारणेही होते, हे जाहिरातीत नसते. पुढे सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या ‘डेन्व्हर मॉडेल’सारख्या पद्धतींनी हेच तंत्र टेबल-खुर्चीवरून सतरंजीवर, खेळात आणले. आज चांगल्या केंद्रात दोन्हींचे मिश्रण आढळते.

सुरुवातीपूर्वी. नावाने हाक मारल्यावर न वळणे, दीड वर्षापर्यंत बोटाने काही न दाखवणे, आलेले शब्द गळणे ही धोक्याची चिन्हे आहेत. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ ही २० प्रश्नांची चाळणी वापरतात. ती निदान नव्हे. ‘याचा बाबाही उशिराच बोलला होता’ या आजीच्या दिलाशात अनेकांचे वर्ष जाते. मूल हाकेला वळत नसेल तर आधी कान तपासावेत. लहान मुलांसाठी बेरा ही चाचणी झोपेत होते. बालरोग, मानसोपचार आणि कान-नाक-घसा हे तिन्ही विभाग नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांत आहेत. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ हे ४० मुद्द्यांचे भारतीय मापन वापरतात. त्यात ७० किंवा अधिक गुण आल्यास ऑटिझम धरला जातो.

एक फेरी. मुलाला ‘पाणी’ मागायला शिकवायचे आहे. उन्हातून आलेले, खरोखर तहानलेले मूल ही योग्य वेळ. पारदर्शक बाटली दिसेल पण हाती लागणार नाही अशी धरावी. तीन-चार सेकंद थांबावे. मुलाने मोठ्या माणसाचा हात ओढून बाटलीकडे नेला, तर एकदाच, स्पष्ट ‘पाणी’ म्हणावे. ‘पा’ निघाला, ओठ हलले किंवा चित्राचे कार्ड हातात दिले, तरी दोन सेकंदांच्या आत पाणी द्यावे, पण एक घोटच. पेला भरून दिला की तहान संपते आणि सरावही. घोटाघोटाने दहा संधी मिळतात. काहीच जमले नाही तर मूल तहानलेले ठेवायचे नाही. हात धरून कार्ड द्यायला लावावे आणि पाणी द्यावे. ही मदत म्हणजे प्रॉम्प्ट. ती पुढे टप्प्याटप्प्याने काढायची असते: पूर्ण हात धरणे, मग कोपराला स्पर्श, मग नुसती नजर. लागोपाठ दोन-तीन दिवस दहापैकी आठ वेळा मदतीशिवाय जमले, की पुढचा टप्पा.

बक्षीस मुलाला आवडणारे हवे, आईला आवडणारे नव्हे. दोन वस्तू समोर ठेवून मूल कशाकडे झेपावते ते रोज पाहावे. खाऊ असेल तर एक मुरमुरा किंवा बी काढलेल्या संत्र्याच्या फोडीचा नखाएवढा तुकडा पुरतो. शेंगदाणे आणि फुटाणे टाळावेत, घशात अडकतात.

बिघडते कुठे. पहिली चूक सूचनेची. ‘बस, बस ना बेटा, बस म्हटलं ना’ असे सहा वेळा ऐकलेले मूल सहाव्या वेळेची वाट पाहायला शिकते. नागपुरात यात भाषेचा घोळ मिसळतो. घरी ‘बस’ म्हणजे खाली बसणे. हिंदी बोलणाऱ्या थेरपिस्टकडे ‘बस’ म्हणजे पुरे, थांब. मराठी-हिंदी दोन्ही कानांवर पडल्याने ऑटिझम वाढत नाही, पण शिकवायच्या पहिल्या वीस-पंचवीस शब्दांची यादी घर आणि केंद्र यांनी मिळून ठरवावी.

दुसरी चूक वर्तनाचे कारण न पाहण्याची. मूल किंचाळते ते लक्ष वेधायला, वस्तू मिळवायला, काम टाळायला किंवा शरीराला काही सोसत नाही म्हणून. मे महिन्यात कूलर लावला की कानांवर हात ठेवून पळणारे मूल हट्टी नसते. त्याला तो घरघराट झेपत नाही. तिथे खुर्चीवर दाबून बसवणे हा अडाणीपणा आहे. कूलर बाहेरच्या खोलीत हलवावा आणि ‘बंद’ हे कार्ड द्यावे. किंचाळण्याचे काम करणारा सोपा संकेत मिळाला की किंचाळणे कमी होते. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड या संशोधकांनी हे दाखवून दिले. मात्र रडल्यावर मोबाइल देणे थांबवले, की रडणे आधी वाढते. तिसऱ्या दिवशी आजोबांनी कळवळून मोबाइल दिला, तर मूल अधिक जोरात रडायला शिकते. म्हणून हे घरातल्या सगळ्यांशी बोलूनच सुरू करावे.

तिसरी, केंद्रात जमते ते घरी न जमण्याची. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे विदर्भातल्या मुलांच्या सणाचा, लाकडी बैल घ्या. बरीच मुले तो उलटा करून चाकच फिरवत बसतात. चाक हिसकावू नये. शेजारी बसून आपणही एकदा फिरवावे, ‘आता माझी पाळी’ म्हणावे, लगेच परत द्यावे. मग बैल सरळ करून दोन वीत ढकलावा. हाच खेळ आईबरोबर, दादाबरोबर, अंगणात आणि शेवटी गल्लीतल्या पोरांत व्हायला हवा. सण जवळ आल्यावर नव्हे, दीड-दोन महिने आधीपासून.

तास. आठवड्याला पाऊण तासाची दोन-तीन सत्रे एवढेच बहुतेकांना परवडते. तेवढ्याने काम भागत नाही. आंघोळ, जेवण, कपडे यांत विखुरलेली रोजची दहा-दहा मिनिटे खरा फरक पाडतात. पालकाला दाराबाहेर बसवणारे केंद्र टाळावे. नोंदवही मागावी: कोणते कौशल्य, किती संधी, किती मदत. ‘छान इम्प्रूव्हमेंट आहे’ ही नोंद नव्हे. सहा-आठ आठवड्यांत आकडे हलले नाहीत, तर उद्दिष्ट किंवा बक्षीस चुकलेले असते; खापर मुलावर फोडू नये.

आक्षेप. लहानपणी ही थेरपी घेतलेल्या अनेक ऑटिस्टिक प्रौढांनी डोळ्यांत बघायची सक्ती आणि हात फडफडवण्यावरची बंदी यांनी आपले नुकसान झाल्याचे सांगितले आहे. आक्षेप रास्त आहे. हात फडफडल्याने कुणाला इजा होत नाही; ते थांबवणे हे उद्दिष्टच नसावे. मूल दाराशी रडत असेल तर सत्र पुढे रेटू नये.

खर्च आणि हक्क. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि थेरपीचा काही खर्च त्यात बसतो. बिलावर तारीख, सत्रांची संख्या आणि थेरपिस्टची सही हवी. स्पेशल एज्युकेटर किंवा स्पीच थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागायला संकोचू नये.