बांधकामातलं आयएसओ आणि ‘डिझाइन लागू नाही’ची भानगड

ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात शिरलं की रिसेप्शनमागे फ्रेममध्ये आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट दिसतं, म्हणजे कामाचा दर्जा सांभाळायची ठरलेली पद्धत कंपनीकडे आहे असा दाखला. त्यावर खाली बारीक अक्षरात स्कोप, म्हणजे कंपनीच्या कोणत्या कामांना ते लागू आहे, हे लिहिलेलं असतं, ते मात्र कोणी वाचत नाही. खरी गंमत तिथेच आहे.

सुरुवातीचं पटकन उरकतो. ब्रिटनचं बीएस ५७५० हे स्टँडर्ड १९७९ चं, त्याच्यावरून १९८७ मध्ये आयएसओ ९००० मालिका निघाली, आणि लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कारखाना होता, बांधकामाची साइट नव्हती. आपल्याकडेही आधी कारखान्यांनीच घेतलं, कारण युरोपातलं गिऱ्हाईक सर्टिफिकेट मागायला लागलं. बांधकामवाले आले मागून, बहुतेक जण टेंडरच्या प्रीक्वालिफिकेशनमध्ये, म्हणजे आधीच्या पात्रता चाळणीत, ते लागतं म्हणून. हौस म्हणून घेतलेला मला तरी कोणी भेटलेला नाही.

तोवर साइटवर क्वालिटी म्हणजे क्यूब. १५० मिलिमीटरचा ठोकळा, २८ दिवस पाण्यात, मग मशीनवर फोडायचा आणि आकडा रजिस्टरला. पास झाला की विषय संपला. आता तो क्यूब ट्रकमधून किंवा मिक्सरमधून निघालेल्या काँक्रीटचा, स्लॅबमध्ये व्हायब्रेटर कोपऱ्यापर्यंत पोचला का, सळई काँक्रीटच्या आत राहावी म्हणून तिच्याखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक होते का, क्युरिंगला पाणी मारलं का, हे त्याला काय माहीत! वाशीच्या जुन्या, सिडकोने बांधलेल्या जेएन टाइप बिल्डिंगांमध्ये राहिलेल्यांना छताचं प्लास्टर पडणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. तिथे दोष बांधकामाचा, खाडीच्या हवेचा की नंतरच्या देखभालीचा यावर अनेक वर्षं वाद चालला आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

आयएसओच्या १९९४ च्या आवृत्तीत एक कलम होतं, स्पेशल प्रोसेसचं. ज्या कामाचा रिझल्ट नंतर तपासून पुरता कळत नाही, ते काम होत असतानाच कंट्रोल करा. काँक्रिटिंग, वेल्डिंग, वॉटरप्रूफिंग सगळं यात बसतं. स्लॅब भरायच्या आधी सळई, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि त्याचे टेके), इलेक्ट्रिकचे पाइप तपासून सह्या करायचं जे पोअर कार्ड असतं ते साइटवर इतकं रुळलं त्याचं बरंचसं श्रेय मी या कलमाला देतो. आता काही ठिकाणी त्या सह्या स्लॅब भरल्यावर दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता होतात, हे वेगळं.

पण १९९४ मध्येच भानगडही होती. तेव्हा सर्टिफिकेट तीन प्रकारचं मिळायचं. ९००१ मध्ये डिझाइन धरून सगळं, ९००२ मध्ये डिझाइन सोडून बाकीचं आणि ९००३ म्हणजे नुसती शेवटची तपासणी. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ड्रॉइंग आर्किटेक्टचं, आरसीसी म्हणजे सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं डिझाइन कन्सल्टंटचं, मी फक्त बांधतो, मला ९००२ द्या. वरवर बघता बरोबरच आहे. मग २००० च्या आवृत्तीने तिन्ही मिळून एकच ९००१ ठेवलं, जुनी सर्टिफिकेटं १५ डिसेंबर २००३ नंतर बाद आणि डिझाइन नको असेल तर ‘एक्सक्लूजन’ घ्यायची सोय ठेवली. अट अशी, की वगळल्यामुळे माल नीट द्यायच्या तुमच्या क्षमतेला किंवा जबाबदारीला धक्का लागता कामा नये. ही अट वाचायची सोडून बहुतेकांनी ‘७.३ डिझाइन अँड डेव्हलपमेंट, लागू नाही’ एवढंच क्वालिटी मॅन्युअलमध्ये टाकलं. आयएसओच्या कन्सल्टंटकडून आलेली मॅन्युअलं एकमेकांची कॉपी, एखाद्यात तर आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहिलेलं.

आता साइटवर या. एंट्रन्स लॉबीला डबल हाइट आहे, स्लॅब सहा मीटर वर, खाली टेके लावायचेत. टेके किती अंतरावर, आडवे बांधायचे का, खाली भराव आहे तर फळी टाकायची का, हे ठरवतं कोण? आरसीसीच्या ड्रॉइंगमध्ये ते नसतं, आर्किटेक्टच्या तर नाहीच नाही. ठरवतो सेंट्रिंगचा मुकादम, नजरेने. फॉल्सवर्कसाठी, म्हणजे अशा तात्पुरत्या टेक्यांसाठी, आयएस १४६८७ हा भारतीय कोड १९९९ पासून आहे, पण ऑफिसच्या फाइलमध्ये डिझाइन लागूच नाही म्हटल्यावर तो उघडणार कोण, आणि सर्टिफिकेटसाठी तपासणी करणारा ऑडिटर विचारणार कशाला? खोदाईच्या बाजूची माती ढासळू नये म्हणून द्यायचं शोअरिंग, सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, अॅल्युमिनियम खिडक्यांची शॉप ड्रॉइंग्ज, सगळं याच फटीत पडलं. ऑडिटरांची बाजूही सांगतो, त्यांचं म्हणणं इमारत हा प्रॉडक्ट, टेके नंतर काढूनच टाकायचे, मग ते प्रॉडक्टचं डिझाइन कसं. कागदावर पटतं. पण स्लॅब ओला असताना टेका सरकला तर हा युक्तिवाद कोणाला ऐकवणार?

डिझाइनवाल्यांकडे गोष्ट उलटी. त्यांना डिझाइन वगळता येईना आणि ठाण्यात नौपाड्यातल्या चार-पाच जणांच्या ऑफिसात रिव्ह्यू, व्हेरिफिकेशन, व्हॅलिडेशन करायला वेगवेगळी माणसं आणायची कुठून, त्यामुळे ‘चेक्ड’ आणि ‘अप्रूव्ह्ड’ दोन्ही चौकटींत एकच सही. फायदा झाला तो ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा. जुनं आर१ ड्रॉइंग साइटवर आणि सुधारलेलं आर३ ऑफिसात, आणि कॉलम फिरलेला, हा प्रकार बराच कमी झाला. जुन्या प्रिंटवर ‘सुपरसीडेड’चा शिक्का मारायची सवय तिथूनच लागली.

२०१५ च्या आवृत्तीत एक्सक्लूजन हा शब्द गेला, मॅन्युअलची सक्ती गेली, आयएसओचं काम बघणाऱ्या मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्हचं पद गेलं, रिस्कचा विचार आला. आता जे लागू नाही म्हणाल त्याचं कारण स्कोपमध्येच द्यायचं. कारण म्हणून जुनंच वाक्य चिकटवलेलं बघितलंय. फेब्रुवारी २०२४ ला क्लायमेट चेंजची भर पडली, तेव्हाही बऱ्याच फायलींत एक ओळ वाढली आणि काम झालं.

खरा धक्का आयएसओने दिलाच नाही, तो दिला रेराने, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या रिअल इस्टेट कायद्याने. २०१६ च्या कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षं स्ट्रक्चरचा किंवा कामातला दोष प्रमोटरने, म्हणजे डेव्हलपरने, तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. तेव्हा कुठे घोडबंदर रोडच्या डेव्हलपरांना पोअर कार्ड, वॉटरप्रूफिंगची पाँडिंग टेस्ट (पाणी साठवून गळती बघायची), क्यूब रजिस्टर जपून ठेवावंसं वाटायला लागलं, कारण लीकेजची तक्रार आली की कॉन्ट्रॅक्टरवर ढकलायला कागद लागतो. (एप्रिल २०१३ ला शीळफाट्याला इमारत पडून ७४ जण गेले, ती मुळात बेकायदा होती, तिथे ना आयएसओचा प्रश्न ना रेराचा. दोन्ही फक्त परवानगी घेऊन बांधणाऱ्यांसाठी.)

सध्या रिडेव्हलपमेंटच्या सोसायट्याही कॉन्ट्रॅक्टरचं आयएसओ मागतात. मागा जरूर, पण स्कोपची ओळ वाचून, टेक्यांचं आणि शोअरिंगचं डिझाइन कोणाच्या सहीने होणार ते अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.