सवलत मिळाली, कायदा तसाच राहिला: अमेरिकेतल्या फोन अनलॉकिंगची गोष्ट

अमेरिकेतल्या भाच्याने त्याचा जुना फोन पाठवला आणि त्यात इथलं सिम चालेना, की हमखास सल्ला मिळतो: "अनलॉक करून घे, ते आता तिकडे कायदेशीर आहे." कायदेशीर आहे हे खरंच. पण ते कसं झालं हे सांगताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळतात. एक म्हणजे कायद्यातून मिळालेली सवलत आणि दुसरी म्हणजे कायद्यातच केलेली दुरुस्ती. अमेरिकेत २०१४ मध्ये जे मिळालं ती सवलत होती. दुरुस्तीचं विधेयकही आलं होतं, ते मंजूर झालं नाही.

आधी हे की फोनच्या कुलपाशी कॉपीराइटचा संबंधच काय? १९९८ साली अमेरिकेने डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट) हा कायदा केला, तो मुख्यतः सिनेमा, गाणी आणि सॉफ्टवेअरची चोरी डोळ्यांसमोर ठेवून. त्याचं कलम १२०१ म्हणतं की कॉपीराइट असलेल्या गोष्टीवरचं डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा. कुलूप तोडून तुम्ही नक्कल केली की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फोनच्या आत चालणारं सॉफ्टवेअर कॉपीराइटखाली येतं आणि कंपनीचं नेटवर्क लॉक त्याच सॉफ्टवेअरमध्ये बसलेलं असतं. त्यामुळे पैसे मोजून घेतलेल्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालवणं हेसुद्धा कागदोपत्री कॉपीराइटचं प्रकरण झालं. धंदा म्हणून कुणी हे केलं, तर पहिल्याच गुन्ह्याला पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. सिनेमाच्या चोरांसाठी विणलेल्या जाळ्यात सिम बदलणारा सापडला.

ही विसंगती कायदा करणाऱ्यांना थोडीफार ठाऊक असावी, म्हणून त्यांनी एक खिडकी ठेवली. दर तीन वर्षांनी 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचे प्रमुख कॉपीराइट कार्यालयाच्या शिफारशीवरून काही कामांना या कलमातून सूट देऊ शकतात. सवलत म्हणतात ती हीच. सीना खनिफर हा तरुण मोटोरोलाचे फोन अनलॉक करण्याचं सॉफ्टवेअर विकत असे. त्याला कंपनीची कायदेशीर नोटीस आली. जेनिफर ग्रॅनिक या वकिलांनी त्याची बाजू फुकट घेतली, आणि २००६ मध्ये फोन अनलॉकिंगला पहिल्यांदा जी सूट मिळाली त्यातही त्यांचा वाटा होता. २०१० मध्ये सूट पुन्हा मिळाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये मात्र ठरलं की २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनना ती नाही. बाजारात अनलॉक फोन मिळतातच की, असं एक कारण दिलं गेलं. जी गोष्ट काल चालत होती ती एका निर्णयाने बंद. सवलतीचा स्वभावच असा: अकरा महिन्यांच्या भाडेकराराने राहण्यात आणि सातबाऱ्यावर नाव लागण्यात जो फरक, तोच सवलत आणि दुरुस्तीत.

खनिफरने मग व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर अर्ज टाकला. निर्णय मागे घ्यायला लावा, नाहीतर अनलॉकिंग कायमचं वैध करणाऱ्या कायद्याला पाठिंबा द्या, अशी त्यात मागणी होती. डेरेक खन्ना या रिपब्लिकन पक्षाच्या माजी धोरण कर्मचाऱ्यानेही जोर लावला. एक लाख चौदा हजारांवर सह्या झाल्या आणि ४ मार्च २०१३ रोजी ओबामा सरकारने जाहीर केलं की आम्ही सहमत आहोत.

खरी फाटाफूट यानंतर दिसते. मे २०१३ मध्ये झोई लॉफग्रेन या डेमोक्रॅटिक पक्षाच्या खासदारांनी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात विधेयक आणलं. त्याचा गाभा असा, की कॉपीराइटचा भंग होत नसेल तर कुलूप तोडणं गुन्हा नाही, आणि अशा कामासाठी लागणारी साधनं बनवणं, विकणंही गुन्हा नाही. ही दुरुस्ती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी सही केली ती मात्र दुसऱ्या विधेयकावर. त्यात २०१२चा निर्णय बाजूला सारून २०१०चीच सूट परत आणली होती. एक गोष्ट चांगली केली: मालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या कुणी फोन अनलॉक केला तरी चालेल, हे स्पष्ट झालं. कलम १२०१ला मात्र हात लागला नाही.

आता तुम्ही म्हणाल, काम झालं ना, मग तक्रार कसली? तक्रार साधनांची आहे. ही सूट फक्त कुलूप तोडण्याच्या कृतीला मिळते. कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर लोकांना विकण्यावरची बंदी वेगळ्या पोटकलमात आहे, आणि तिथे सूट देण्याचा अधिकार तीन वर्षांच्या त्या प्रक्रियेला नाहीच. म्हणजे करायला परवानगी, पण करण्याचं हत्यार विकणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार. माझ्या मते २०१४च्या विजयातला सगळ्यात मोठा खड्डा हाच. दुसरी अडचण मुदतीची. २०१५, २०१८, २०२१, २०२४, दर वेळी कुणीतरी जाऊन सूट पुन्हा मागायची. २०१८ पासून नूतनीकरणाची रीत सोपी झाली, तरी मागावं लागतंच. आणि कंपनीने स्वतः फोन अनलॉक करून द्यावा, असं ही सूट म्हणतच नाही. त्यासाठी डिसेंबर २०१३ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी स्वेच्छेने आचारसंहिता मान्य केली, तो विषय निराळा.

गंमत म्हणजे लॉफग्रेन यांना जे हवं होतं त्याच्या बरंच जवळ जाणारं काहीतरी आपल्याकडे आधीच आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ घातलं, ते २१ जूनपासून लागू झालं. त्यात कुलूप तोडणं गुन्हा ठरतं ते कॉपीराइटचा भंग करण्याच्या इराद्याने केलं तरच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वैध कामासाठी कुलूप तोडायला दुसऱ्याला मदत करणाऱ्यावर मात्र एक अट आहे: ज्याला मदत केली त्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची. अशी वही ठेवणारा मोबाइल दुरुस्तीवाला मी तरी अजून पाहिलेला नाही.