जुनी चेनसॉ हातात आली? दोरी ओढण्याआधी हे वाचा

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात सेकंडहँड चेनसॉ घेऊन येणारे बहुतेक ग्राहक टेबलावर मशीन ठेवता ठेवता सांगतात, "दोन-चारदा दोरी ओढून पाहिली, सुरू होत नाही." आमची कळकळीची विनंती आहे, ती दोरी ओढूच नका. बरीच वर्षं पडून असलेल्या मशीनच्या सिलिंडरमध्ये गंजाचा पातळ थर असतो, रिंगा कोरड्या पडलेल्या असतात आणि सायलेन्सरच्या तोंडातून भुसा, नाहीतर कुंभारमाशीच्या घराची माती आत गेलेली असते. तशात दोरी ओढली की सिलिंडरला ओरखडा पडतो, आणि तो नंतर कुठल्याही ऑइलने भरून येत नाही.

प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि मशीन रात्रभर तसंच ठेवा. सकाळी सायलेन्सरचे बोल्ट खोला आणि बॅटरीच्या उजेडात एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन पाहा. पिस्टनची बाजू राखाडी, गुळगुळीत आणि यंत्रावर घासल्याच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसणारी असेल तर मशीनमध्ये जीव आहे. उभे ओरखडे दिसले, ॲल्युमिनियम फासल्यासारखं झालं असेल, तर ते इंजिन एकदा सीझ झालेलं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये घासून अडकलेलं आहे. विकणारा काहीही सांगो, खरी हकीकत या खिडकीतूनच कळते.

मशीन कोणतं, हे आधी ठरवा

सर्वांत जास्त घोळ नंबरावरून होतो. बॉडीवर किंवा कव्हरच्या आत ओतकामात उठवलेला लांब आकडा बहुतेक वेळा त्या सुट्या भागाचा असतो, मशीनच्या मॉडेलचा नसतो. श्टील (Stihl) या जर्मन कंपनीच्या भागांवर ११०६ ने सुरू होणारा आकडा दिसला तर तो ०७० आणि ०९० या घराण्याचा भाग आहे, एवढंच कळतं. या दोन मशीनची बाहेरची ठेवण सारखी, पण ०७० चं इंजिन १०६ सीसीचं आणि ०९० चं १३७ सीसीचं. रिंगा मागवताना हा फरक चुकला की सगळा खटाटोप वाया. त्यात दोरीचं कव्हर एका मशीनचं आणि बॉडी दुसऱ्याची, असंही नेहमी आढळतं. म्हणून नुसत्या स्टिकरवर विसंबू नका. धातूची पट्टी, सिलिंडरचा व्यास आणि कार्बोरेटरवरचा शिक्का, तिन्ही जुळतात का ते पाहा.

वयाचा अंदाज बांधणीवरून येतो. अगदी सुरुवातीच्या पेट्रोल मशीनमध्ये फ्लोटचा कार्बोरेटर असे. तो आडवा करून चालत नसे, म्हणून बारच (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) फिरवून आडवा-उभा करण्याची सोय असायची. डायफ्रॅमचा, म्हणजे लवचीक पडद्याचा कार्बोरेटर आल्यावर मशीन कुठल्याही बाजूला वळवून कापता येऊ लागलं. इंजिन आणि चेन यांच्यामध्ये गिअर असेल तर मशीन बहुधा १९५० च्या दशकातलं किंवा त्या धाटणीचं. श्टीलची काँट्रा १९५९ मध्ये विनागिअर आली आणि त्यानंतर गिअर मागे पडत गेले. त्याच वर्षी हुस्कवार्ना या स्वीडिश कंपनीने आपली पहिली चेनसॉ काढली. बाजूला अंगठ्याने दाबायचा ऑइल पंप आणि आत प्लॅटिना पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी टोकं) असतील तर मशीन जुन्या पिढीचं समजा.

चेनचंही तसंच. आज सगळीकडे दिसणारा वाकडा, चिप्पर पद्धतीचा दात जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्यांनी १९४७ मध्ये बाजारात आणला. लाकूड पोखरणारी अळी जबडा डावी-उजवीकडे चालवून कसं खाते, हे पाहून त्यांना तो सुचला. त्याआधीच्या चेनला हातकरवतीसारखे खरवडणारे दात असत. तशी चेन मिळाली तर जपून ठेवा, पण कापायला वापरू नका.

करंट, हवा, पेट्रोल

पडून राहिलेल्या जुन्या मशीनला करंट येत नसेल तर कॉइल जळली असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा पॉइंटच्या टोकांवर राखाडी बुरशीसारखा थर धरलेला असतो. फ्लायव्हील काढून पॉइंटच्या मधून जाड कोरा कागद दोन-तीनदा ओढा. पहिल्यांदा कागदावर काळी रेघ उमटते, तिसऱ्यांदा कागद स्वच्छ निघतो. मग फट फीलर गेजने ०.३५ ते ०.४ मिमी ठेवा, प्लगची ०.५ मिमी. एवढ्यावर निळी ठिणगी आलेली आम्ही कितीतरी वेळा पाहिली आहे.

त्यानंतर हवा. क्रँकचे ऑइल सील रबराचे असतात आणि वयानुसार कडक होतात. इंजिन सीलमधून हवा घेऊ लागलं की मिश्रण पातळ होतं, आवाज चढतो आणि मशीन जोरात चालतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते सीझ होण्याच्या वाटेवर असतं. आम्ही प्रत्येक जुन्या मशीनला ०.५ बार दाब आणि तेवढाच व्हॅक्यूम देऊन पाहतो. काटा खाली आला तर सील बदलल्याशिवाय इंजिन चालू करत नाही, ग्राहक कितीही घाईत असला तरी.

पेट्रोलच्या नळ्या, फिल्टर आणि कार्बोरेटरचा डायफ्रॅम न बघता बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुनं रबर फुगतं आणि सुटतं. ऑइलचं प्रमाण मात्र समजून घ्या. टाकीवर १:१६ किंवा १:२५ लिहिलेलं असतं, ते त्या काळच्या ऑइलसाठी होतं. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:५० म्हणजे २० मिली. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलवर आम्ही जुन्या मशीनला साधारण १:३२, म्हणजे लिटरला ३१ मिली देतो. ऑइल वाढवलं की तेवढंच पेट्रोल कमी जातं, म्हणून प्रमाण बदललं की कार्बोरेटरचा स्क्रूही पुन्हा लावावा लागतो. आणि नव्या व्यावसायिक मशीनसारखा मिनिटाला १३,००० फेऱ्यांचा आवाज जुन्या मोठ्या मशीनकडून काढू नका. ते कमी फेऱ्यांवर ओढण्यासाठीच बनवलेलं आहे.

मशीन कुठल्या जंगलातून आलं?

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, आणि इंजिन उत्तम असूनही मशीन नीट न कापण्याचं कारण बहुधा इथेच सापडतं.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची मशीन ओळखू येतात. २८ ते ३६ इंची बार, मुठीचा दांडा दोन्ही बाजूंनी पूर्ण फिरवलेला, पुढे मोठे अणकुचीदार काटे. डग्लस फरची जाडजूड झाडं, तीही उतारावर, त्यामुळे दोन्ही बाजूंनी धरता यायला हवं. चेनमध्ये दात विरळ, म्हणजे स्किप चेन, कारण इतक्या लांब कापातून भुसा बाहेर पडायला जागा लागते. स्कँडिनेव्हियात नेमकं उलट. स्प्रूस आणि पाइनचे तुलनेने बारीक सोट, मशीन खोडावर टेकवून फांद्या उतरवायच्या, म्हणून हलकं मशीन, १३ ते १८ इंची बार आणि ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन. ऑस्ट्रेलियातल्या नीलगिरीच्या कठीण लाकडाला टोकदार फुल-चिझल दात लवकर बोथट होतो, तिथे कोपरा गोल असलेला सेमी-चिझल चालतो. उष्ण कटिबंधातली ०७० बऱ्याचदा फळ्या पाडण्यासाठी वापरलेली असते. तिच्यावर ०.४०४ ची चेन आणि दाताला साधारण १० अंशांचा कोन असतो. ती चेन आडव्या कापाला लावली की रखडत, सावकाश चालते, आणि ग्राहकाला वाटतं इंजिनच कमजोर आहे.

अशाच एका मशीनचा प्रसंग आठवतो. ग्राहक इंजिन नव्याने बांधून द्या म्हणून अडून बसले होते. आम्ही फक्त ३० अंशांनी घासलेली चेन चढवली आणि मशीन ओंडक्यात आपल्या वजनाने उतरलं.

मापंही प्रदेशागणिक बदलतात. ३/८ ची चेन युरोपातल्या श्टीलवर बहुधा १.६ मिमी गेजची (गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी), हुस्कवार्नावर १.५, तर पश्चिम अमेरिकेत १.३. १.६ च्या खाचेत १.३ ची चेन सहज बसते, म्हणून चूक लक्षात येत नाही. ती डुलत राहते आणि काप वाकडा जातो. पिच मोजायला लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर घ्या आणि निम्मं करा. साधारण ८.२५ मिमी आलं तर ०.३२५, ९.३ आलं तर ३/८, १०.२६ आलं तर ०.४०४. चेन, स्प्रॉकेट आणि बारच्या टोकाचं चाक, तिघांचं पिच एकच हवं.

थंड प्रदेशातल्या मशीनला गरम होणाऱ्या मुठी आणि कार्बोरेटरकडे सिलिंडरची ऊब नेणारी झडप असते. ती हिवाळ्याच्या खुणेवर राहिली तर उन्हात मशीन गरम होऊन बंद पडतं. उंच डोंगरावर हवा विरळ, म्हणून तिथे पेट्रोलचा स्क्रू आवळलेला असतो. तेच मशीन सखल भागात जसंच्या तसं चालवलं की मिश्रण पातळ पडतं आणि पिस्टन जळतो. मशीन कुठून आणलं हे आम्ही विचारतो ते एवढ्यासाठीच.

एक गोष्ट आम्ही करत नाही

चेन ब्रेक १९७० च्या दशकात रुळला. त्याआधीच्या मशीनमध्ये बारचं टोक अडकून उसळी आली तर चेन थांबवणारं काहीही नाही. असं मशीन आम्ही दुरुस्त करून देतो, पण रोजच्या कामासाठी देत नाही. ब्रेक असलेल्या मशीनचा पट्टा आणि स्प्रिंग तपासल्याशिवाय ते टेबलावरून उतरत नाही.

मशीन आणताना जुना बार, जुनी चेन, तुटलेले भाग, डबीतले स्क्रू, सगळं सोबत आणा. धुऊन-पुसून आणू नका. तेल कुठून गळलंय आणि भुसा कुठे साचलाय, ते आम्हाला तसंच पाहायचं असतं.