पूरक उपचार : ठाणे-नवी मुंबईतील वापर आणि मर्यादा

आधुनिक वैद्यकाचे उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीने घेतलेली आयुर्वेदिक, होमिओपॅथिक किंवा घरगुती औषधे, तसेच योग व ॲक्युप्रेशर यांना पूरक उपचार म्हणतात. मूळ उपचार सोडून तेच घेतले की ते पर्यायी उपचार होतात. चूर्ण दोन्हीकडे एकच असू शकते.

ठाणे-पनवेल लोकलच्या वाटेवर या पॅथी शेजारी शेजारी नांदतात. नेरुळला डी. वाय. पाटील यांचे आयुर्वेद महाविद्यालय आहे. खारघरला यरळा मेडिकल ट्रस्टची आयुर्वेद व होमिओपॅथी महाविद्यालये आहेत आणि तिथेच टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन व उपचार केंद्रही आहे. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर यांच्या वर्गांमुळे योग घराघरांत पोहोचला.

योगाची बाजू त्यातल्या त्यात भक्कम आहे. टाटा स्मारक केंद्राने २०२२ मध्ये मांडलेल्या चाचणीत स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्ण स्त्रिया होत्या. योग करणाऱ्या गटात रोग न उलटता जगण्याचे प्रमाण तुलनेने १५ टक्के सुधारलेले दिसले. यातली मेख अशी की शस्त्रक्रिया, किमो वगैरे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळतच होते. वनस्पतींपैकी सर्पगंधेचे उदाहरण मुंबईचेच आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या परिणामाचा अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे तिच्यातून वेगळे काढलेले रेसर्पिन मोजून-मापून दिले जाऊ लागले.

फसगत सर्वांत जास्त होते ती काविळीत. या भागात काविळीची माळ अजून घातली जाते. काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासांत गुंफलेली ही माळ डोक्यावर ठेवतात. काड्या वाळून आक्रसतात, फास सैल होतात आणि माळ लांबत खाली उतरते. ‘कावीळ उतरली’ असे घरचे म्हणतात. दूषित पाण्यातून होणारी अ आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला किंवा काढ्याला जाते. पण पित्तनलिकेत अडकलेला खडा आणि स्वादुपिंडाची गाठ यांनीही डोळे असेच पिवळे होतात. तिथे माळ वाढत राहते आणि आजारही. म्हणून आधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी, मग हवे ते पथ्य, असा क्रम सोडू नये.

दुसरी अडचण न सांगण्याची. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नावर रुग्ण रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे सांगतो. पिशवीतल्या काढ्याच्या बाटलीबद्दल मात्र गप्प. विचारलेच तर उत्तर येते, ‘ते काय, आयुर्वेदिक आहे.’ मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी किमो चालू असताना यकृताचे आकडे वाढले तर दोष औषधाचा की काढ्याचा, हे डॉक्टरला कळले पाहिजे, नाहीतर पुढचा डोस उगाच लांबतो. ज्येष्ठमध जास्त काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. मधुमेहाच्या गोळ्यांवर कारल्याचा रस घेतल्यास साखर बेताबाहेर उतरू शकते. आमटीतल्या हळदीने काही बिघडत नाही. तिच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेऊ नयेत.

दम्याच्या आणि सांधेदुखीच्या काही बेनामी पुड्यांत स्टेरॉइड सापडले आहे. पहिल्या आठवड्यात चमत्कार वाटतो; काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते. अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे असते.

कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. लोकलच्या डब्यातली ‘खात्रीशीर इलाज’वाली पत्रके वाचणाऱ्याला ते खरे वाटणार नाही. नोंदणीकृत वैद्याकडे उपचार घेणे वेगळे. तो किमान चिठ्ठीवर औषधाचे नाव तरी लिहितो.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घरातली सगळी चूर्णे, आसवे, भस्मे आधीच सांगावीत. त्यांतली काही एक-दोन आठवडे अगोदर थांबवावी लागतात. पुडीवर नाव नसेल तर पुडीच सोबत न्यावी.