उणे त्रिज्येचा बिंदू मांडायचा कुठे? : पार्श्वभूमी

अंतर आणि कोन सांगून बिंदू पक्का करायची रीत युरोपात सतराव्या शतकात रुळली. १६३५ मध्ये एका इटालियन गणितज्ञाने सर्पिलातले क्षेत्रफळ काढायला ती वापरली. आपल्या वर्गांतला पेच मात्र अलीकडचा आहे, आणि तो एका चिन्हाचा आहे: अंतर उणे आले तर बिंदू मांडायचा कुठे?

सांगलीत अभियांत्रिकीचे शिक्षण १९४७ पासून चालते. पहिल्या वर्षाला वक्र काढायचे म्हटले की ध्रुवीय निर्देशक, म्हणजे अंतर आणि कोनाची हीच जोडी, आलेच. मुले तिथे पोचतात ती बारावीच्या त्रिकोणमितीतली ओळख घेऊन. बारावीत आर, म्हणजे त्रिज्या, हे ध्रुवापासूनचे (मूळ बिंदूपासूनचे) अंतर, म्हणून धनच. आणि थिटा, म्हणजे कोन, शून्यापासून ३६० अंशांच्या आत. या अटीमुळे ध्रुव सोडून प्रत्येक बिंदूला एकच जोडी मिळते. उत्तर एकच, तपासणी सोपी, सीईटी या प्रवेश परीक्षेच्या चार पर्यायांतही घोळ नाही. परीक्षेपुरती ही सोय रास्त आहे. पण गणित बहुतेक वेळा या जोडीचे सूत्राने एक्स-वायमध्ये किंवा उलट रूपांतर करण्याचेच येते, त्यामुळे कोनमापक लावून बिंदू मांडायची वेळच येत नाही. नुकसान इथे होते.

पुढे अभियांत्रिकीच्या वर्गात वर्षभरात फळ्यावर येतो आर = ए कॉस २ थिटा हा फुलासारखा, चार पाकळ्यांचा वक्र. ए चार सेंटिमीटर घ्या आणि थिटा ६० अंश. कॉस १२० म्हणजे उणे अर्धा, आर उणे दोन. बारावीच्या सवयीने मुलगा हा बिंदू खोडतो आणि त्याच्या वहीत दोनच पाकळ्या उरतात. खरे तर ६० अंशांच्या किरणाकडे तोंड करून दोन सेंटिमीटर मागे सरकायचे, म्हणजे बिंदू २४० अंशांवर पडतो. असे उणे बिंदू मांडले तरच चार पाकळ्या पुऱ्या होतात. त्यासाठी आधी कोन लावून किरण आखायचा आणि मगच अंतर मोजायचे, हा क्रम हातात बसलेला हवा. जोडीत अंतर आधी लिहितात, म्हणून मुले नेमकी तिथेच अडतात.

उणे आर बारावीतच, निदान एका तासापुरता, हाताने मांडून दाखवायला हवा. नाहीतर पुढचा गोंधळ अटळ आहे: आर वर्ग = ए वर्ग कॉस २ थिटा हा दुसरा वक्र. इथे ६० अंशांना आरचा वर्गच उणे येतो, त्यामुळे त्या दिशेला खरोखरच बिंदू नसतो. आर उणे आला तर बिंदू उलट बाजूला, वर्ग उणे आला तर बिंदूच नाही. हा फरक न कळलेली मुले दोन्ही वक्र सारखेच काढून मोकळी होतात.